हातचा

कंपनीच्या कागदावर पाचशे दहा.
तो कागद घडी करून
मी समोरच्या कप्प्यात ठेवलाय, काच पुसायच्या फडक्याखाली.
माझी वही वेगळी.
वहीत आजच्या तारखेसमोर: उणे एकोणीस,
वारा समोरून,
माणसं चार, बाळ एक, अर्धी मेंढी.
बिश्केक ते सुसामिर.
पुढचा रकाना कोरा.

सत्तावीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं.
‘घर्षण नगण्य मानू’ असं फळ्यावर लिहायचे
आणि मुलं मानायची.
आता निवृत्तिवेतनात हिवाळ्याचा कोळसासुद्धा बसत नाही,
म्हणून ही चिनी गाडी, दुसऱ्या हातची,
आणि नगण्य म्हणून सोडलेलं सगळं
एकेक करून जाब विचारायला येतंय:
टायरातली हवा, टपावरची ट्रंक,
काचेवर साचणारा आम्हा चौघांचा श्वास.

करा-बाल्ता सोडलं तेव्हा ब्याऐंशी.
मग घाट.
जुन्या गाडीत चढ कानांना कळायचा,
इंजिन कण्हायचं, खालचा गिअर मागायचं.
ही काही बोलत नाही.
फक्त आकडा उतरतो,
घरातल्या कुणी बोलून न दाखवलेल्या
दुखण्यासारखा.

साठाला शैलोबेकनं विचारलं,
“बाई, पोचू ना?”
माझाच विद्यार्थी. शेवटचा बाक.
तीन वर्षांनी मॉस्कोहून घरी निघालाय.
मी म्हटलं, हीटर बंद करते.
तू मागे जा. तुर्सुनाय, बाळाला घेऊन तू पुढे ये,
ही सीट तापते, तिला थोडंच लागतं.
दारं उघडली, बर्फाचा वारा आत येऊन बसला,
त्याचं भाडं कोण देणार.
मेंढीवाले आजोबा टोपी नाकावर ओढून झोपलेलेच.

आडव्या वळणावर तो मागून म्हणाला,
“तिकडंही असंच, बाई.
एजंटानं सांगितलं नव्वद हजार.
त्यातून परवान्याचे, खोलीचे, पोलिसांचे,
घरी पाठवायचे तर पाठवण्याचे.”
“मग हातात?”
“अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात ना.
आमच्यात अंथरूणच पाळीनं असायचं.
दिवसपाळीचा उठला की
त्याच्या उबेत रातपाळीचा.”

एकतीस.
तो-आशूचा बोगदा.
पिवळे दिवे, ओल्या भिंती,
कुणीच बोललं नाही,
बाळ तेवढं स्वतःच्या मोज्याशी भांडत होतं.

पलीकडे तोंड उघडलं तर सगळं पांढरं,
आणि रस्ता खाली.
मी पाय उचलला.
गाडी आपल्याच वजनाला धरून
सावकाश उतरू लागली,
आणि आकडा थांबला. मग:
बत्तीस.
“तेहेतीस!” शैलोबेक मागून ओरडला,
पाढे म्हणताना कधी नव्हता इतक्या मोठ्यानं.
चौतीसाला दरीचा तळ आला.

“बाई, जेवढं चढलो त्याचं
उतरताना सगळं परत यायला हवं ना?”
“आपण चढलो जास्त, उतरलो कमी.”
“तरी. जेवढं उतरलो, तेवढ्याचं?”
हाच प्रश्न त्यानं नववीत विचारला असता
तर मी त्याला पुढच्या बाकावर बसवलं असतं.
“फळ्यावर येतं,” मी म्हटलं.
घाटानं घेतले एक्कावन्न. दिले तीन.
तो बराच वेळ काहीतरी मोजत राहिला,
आणि ते गाडीचं नव्हतं.

गावात शिरलो तेव्हा चोवीस हातचे.
आजोबा जागे झाले, मेंढी खांद्यावर टाकली,
“लवकर आलो,” म्हणाले, आणि गेले.
शैलोबेकनं नोटा पुढे केल्या.
मी मोजून घेतल्या,
दोनशे सोम त्याच्या तळहातावर परत ठेवले.
“हे कशाचे?”
“उताराचे.”

आता दिराच्या खिडकीतून लांब वायर ओढलीय,
फटीत जुनं फडकं कोंबलंय.
रात्रभरात पन्नास होतील, फार तर.
वही गुडघ्यावर. पेनाची शाई गोठलेली,
ती काखेत धरून बसलेय.
कोऱ्या रकान्यात काय लिहायचं ते ठाऊक आहे.
ते दोनशे कुठल्या रकान्यात, ते नाही.